रस्ता दिसतो, पण उमगतो का?

पुण्याच्या बाह्यवळण महामार्गावर कात्रजचा नवा बोगदा मागे पडला की नवले पुलापर्यंत सलग उतार लागतो. साताऱ्याच्या बाजूने आलेला मालट्रक रुंद, मोकळ्या रस्त्यावरून बराच वेळ एका लयीत धावून इथे पोहोचलेला असतो. पुढे एकदम शहर सुरू होते: सेवारस्त्यावरून आत घुसणाऱ्या दुचाकी, प्रवासी घ्यायला थांबलेल्या खासगी बस, संध्याकाळची लांबलेली रांग. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका टँकरने समोरची वाहने ठोकरत नेली आणि ४८ वाहनांचे नुकसान झाले. त्यानंतरही तिथले जीवघेणे अपघात थांबलेले नाहीत. दर वेळी दोनपैकी एक कारण आपल्या कानावर येते. ब्रेक निकामी झाले, नाहीतर चालकाचा ताबा सुटला.

ब्रेकची गोष्ट खोटी नाही. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर टाकली की इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. पण त्याच्या आधी चालकाच्या डोळ्यांत आणि मेंदूत आणखी काही घडून गेलेले असते. बराच वेळ एकाच वेगाने गेल्यावर माणूस त्या वेगाला सरावतो. मग वेग थोडा कमी केला, तरी तो प्रत्यक्षापेक्षा पुष्कळच कमी झाला असे त्याला वाटते. उतार लांब आणि एकसारखा असला तर तो उतार आहे हेही नजरेला नीट जाणवत नाही. ‘आता सावकाश चाललो आहोत’ असे प्रामाणिकपणे मानणारा माणूस त्या गर्दीत शिरतो, तेव्हा गाडी त्याच्या समजुतीपेक्षा कितीतरी वेगात असते.

मला जे म्हणायचे आहे ते इथूनच सुरू होते. रस्त्यावरचे पुष्कळ अपघात चालकाने डोळे मिटले म्हणून घडत नाहीत. समोरचे दिसत असताना त्याचा अर्थ चुकीचा लागतो, किंवा बरोबर अर्थ उशिरा लागतो, म्हणून घडतात. हा अर्थ कसा लागतो आणि कुठे फसतो, याचा अभ्यास झालेला आहे. त्या अभ्यासाच्या आधारे रस्ते, परवान्याची परीक्षा आणि अपघाताचा तपास या तिन्ही गोष्टी बदलता येतात. आपण मात्र वळणावर ‘वाहने सावकाश चालवा’ असा फलक लावतो आणि कर्तव्य पार पडले असे समजतो.

प्रश्न किती मोठा आहे ते आकड्यांत पाहू. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती, आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. या माणसांभोवती ना पत्र्याची भिंत असते, ना एअरबॅग. इतरांना आपण वेळेवर दिसावे आणि आपण काय करणार आहोत ते त्यांना कळावे, एवढाच त्यांचा बचाव असतो. त्यामुळे चालकाला काय दिसते आणि काय उमगते हा प्रश्न मानसशास्त्राच्या वर्गापुरता उरत नाही. तो जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

आधी डोळ्याकडे पाहू. हात पुढे ताठ करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले, तर ते नख जेवढी जागा व्यापते साधारण तेवढ्याच भागातले बारकावे डोळ्याला एका वेळी स्पष्ट दिसतात. बाकीचे दृश्य अंधूक असते. म्हणून डोळे सेकंदाला तीन-चार वेळा इकडून तिकडे उड्या घेतात, आणि प्रत्येक उडीच्या क्षणी दृष्टी जवळजवळ बंद होते. तरीही आपल्याला समोर सलग, स्वच्छ चित्र असल्यासारखे वाटते, कारण मधल्या मोकळ्या जागा मेंदू भरून काढतो. त्या भरायला तो पूर्वानुभव वापरतो. चालकाच्या डोळ्यांसमोरच्या रस्त्यात बराच भाग त्याच्या अपेक्षेचा असतो.

अपेक्षा किती बलवान असते हे १९९९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी दाखवून दिले. चित्रफितीत काही जण बास्केटबॉल एकमेकांकडे टाकत होते, आणि प्रेक्षकांनी एका संघाचे पास मोजायचे होते. मध्येच गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती खेळाडूंमध्ये आली, छाती बडवून निघून गेली. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. अनुभवी माणसे यातून सुटतील असे वाटत असेल, तर २०१३ मधला प्रयोग पाहावा. फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टना त्याच प्रतिमांमध्ये मिसळलेले गोरिलाचे चित्र दाखवले गेले. २० जणांनी ते टिपले नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांची नजर नेमकी त्या जागेवरून फिरली होती. नजर पडणे आणि नोंद होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि कौशल्य वाढले म्हणून त्या एक होत नाहीत.

आता हे ज्ञान एखाद्या गावफाट्यावर नेऊन पाहा. कच्च्या रस्त्यावरून जीप महामार्गावर येते, डावी-उजवी पाहते, निघते, आणि उजवीकडून आलेला मोटरसायकलस्वार तिच्यावर आदळतो. ‘दोन्हीकडे बघितलं होतं साहेब, कोणी नव्हतं,’ असे चालक सांगतो. आपण त्याला खोटारडा ठरवतो. पण तो खरे सांगत असण्याची शक्यता मोठी आहे. तो ट्रक, बस, मोटार यांच्या शोधात होता. अरुंद आकाराची दुचाकी त्याच्या शोधात बसत नव्हती. शिवाय काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब नजरेचा एक पट्टा कापतात. दोन वाहने एकमेकांवर आदळण्याच्या मार्गावर स्थिर वेगाने चाललेली असली, तर त्यांतल्या एकाला दुसरे सतत त्याच कोनात दिसत राहते. म्हणून खांबाआड गेलेली दुचाकी शेवटच्या क्षणापर्यंत खांबाआडच राहू शकते. जो चालक मान आणि खांदे पुढे-मागे करून पाहत नाही, त्याने कितीही ‘बघितले’ तरी त्याला ती दिसणार नाही. हे आपल्याकडे किती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवले जाते?

वेगाचा अंदाज ही आणखी अवघड गोष्ट आहे. समोरून येणाऱ्या वस्तूचा वेग डोळा थेट मोजत नाही. ती किती झपाट्याने मोठी होत आहे यावरून तो अंदाज बांधतो. दूर असताना वस्तू फारच हळू वाढते, आणि अगदी जवळ आल्यावर एकदम फुगल्यासारखी मोठी होते. दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना ‘समोरची गाडी लांब आहे, निघून जाऊ’ हा हिशेब चुकतो तो इथे. प्रचंड आकाराच्या वस्तूंच्या बाबतीत आणखी एक फसवणूक होते. त्या असतात त्यापेक्षा सावकाश येत असल्यासारख्या वाटतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोविट्झ यांनी १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांचा विचार करताना यावर बोट ठेवले होते. फाटक ओलांडणारा माणूस धीट असतोच असे नाही, त्याला गाडी खरोखरच हळू येताना दिसते.

याच जाणिवेतून मुंबईत एक महत्त्वाचा प्रयोग झाला. वडाळ्याजवळ रूळ ओलांडताना लोक मरत होते. दंड, सूचना, भिंती यांचा उपयोग मर्यादित होता. २०१० च्या सुमारास फायनल माइल या मुंबईतल्या संस्थेने रेल्वेच्या सहकार्याने तिथले काही स्लीपर ठरावीक अंतराने पिवळे रंगवले. गाडी ते पट्टे झाकत पुढे सरकताना दिसली की तिच्या वेगाचा अंदाज डोळ्याला सहज येतो. एकसलग भोंग्याऐवजी मध्ये थांबून दोन तुटक भोंगे वाजवायला सांगितले, कारण मध्ये आलेल्या शांततेमुळे दुसरा आवाज मनात ठसतो. त्या पट्ट्यातले मृत्यू घटल्याचे नोंदवले गेले. या प्रयोगात कोणालाही शिस्तीचे व्याख्यान दिले गेले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. माणसाचा डोळा कुठे कमी पडतो हे मान्य केले गेले आणि तिथे थोडा रंग दिला गेला.

दिसल्यानंतरचा टप्पा समजण्याचा. १९३८ मध्ये जेम्स गिब्सन आणि लॉरेन्स क्रुक्स या अमेरिकी संशोधकांनी मोटार चालवण्याच्या क्रियेचा एक सुंदर सिद्धांत मांडला. त्यांच्या मते चालकासमोर दर क्षणी बदलणारे एक क्षेत्र पसरलेले असते, ज्यात त्याला धोक्याविना जाता येईल. समोर माणूस आला की ते क्षेत्र आकसते, रस्ता मोकळा झाला की पुढे पसरते, वळण आले की वाकते. चालवणे म्हणजे हे क्षेत्र नीट वाचून गाडी त्याच्या आत राखणे. जवळजवळ सहा दशकांनंतर, १९९५ मध्ये, विमानचालकांच्या अभ्यासातून मिका एन्डस्ली यांनी परिस्थितीच्या जाणिवेचे तीन स्तर सांगितले: समोरच्या गोष्टी टिपणे, त्यांचा मिळून काय अर्थ होतो ते कळणे, आणि पुढच्या काही क्षणांत काय होईल ते ओळखणे. रस्त्यावर जीव वाचतो तो तिसऱ्या स्तरावर. पहिले दोन त्याच्या तयारीसाठी असतात.

पहिला स्तर उत्तम असून बाकीचे दोन नसले तर काय होते, हे एका यंत्राने दाखवून दिले. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेम्पी शहरात उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित मोटारीने सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला ठोकरले, आणि ती मरण पावली. गाडीच्या यंत्रणेने तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपले होते. पण झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या ठिकाणी माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे त्या यंत्रणेच्या कल्पनेतच नव्हते. ती समोरच्या आकृतीला कधी वाहन म्हणे, कधी सायकल, कधी अनोळखी वस्तू. दर वेळी नाव बदलले की आधीच्या हालचालीचा हिशेब पुसला जाई, म्हणून ती कुठे निघाली आहे याचे भाकीत कधी जमलेच नाही. गाडीत बसलेल्या देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे लक्ष फोनमध्ये होते. यंत्राला दिसत होते पण कळत नव्हते. ज्या माणसाला कळू शकले असते तो पाहत नव्हता.

या तिसऱ्या स्तरावर आपल्याकडचे मुरलेले चालक विलक्षण काम करतात, आणि त्याची दाद दिली पाहिजे. एस.टी.चा जुना चालक बाजाराच्या गावातून जाताना रिक्षाचे पुढचे चाक पाहतो. ते किंचित वळलेले असले, तर हात बाहेर येण्याआधीच रिक्षा वळणार हे तो ओळखतो. थांबलेल्या जीपच्या खालून पलीकडचे पाय दिसले, तर कोणीतरी अचानक समोर येईल हे त्याला कळते. एक शेळी रस्त्यापार झाली की तो मागच्या कळपासाठी आधीच वेग तोडतो. हे ज्ञान कोणत्याही नियमपुस्तकात नाही. वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून ते अंगी मुरलेले असते, आणि ते दुसऱ्याला देण्याची कुठलीही सोय आपण केलेली नाही. रोनाल्ड मुरंट आणि थॉमस रॉकवेल यांनी १९७२ मध्ये चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदल्या. त्यांना आढळले की नवशिके चालक गाडीच्या जवळचाच रस्ता पाहतात आणि आरशांकडे कमी वेळा वळतात, तर अनुभवी चालकाची नजर दूरवर आणि अधिक रुंद फिरते. म्हणजे नजर शिकावी लागते, आणि ती शिकवताही येते.

मुरलेल्या चालकांच्या या ज्ञानाला एक धोकादायक बाजूही आहे. आपल्या रस्त्यांवर एक अलिखित सांकेतिक भाषा चालते. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो. त्याचा अर्थ ‘मी उजवीकडे वळतो आहे’ असाही असतो, आणि कित्येक रस्त्यांवर ‘ये, पुढे निघून जा’ असाही. समोरून डिपर मारला जातो. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुधा ‘मी येतोय, तू थांब’ असा होतो. इंग्लंडमध्ये गाडी चालवणाऱ्या मराठी माणसाला तोच प्रकाश अनेकदा ‘तू आधी जा’ असे सांगताना भेटतो. एकाच खुणेचे दोन उलटे अर्थ असतील, तर त्या खुणेवर विसंबून ओव्हरटेकला निघालेला माणूस जुगार खेळतो. ओळखीच्या रस्त्यावर, ओळखीच्या चालकांमध्ये ही भाषा चालून जाते. पण महामार्गावर पंजाबचा ट्रक, तमिळनाडूचा कंटेनर, पहिल्यांदाच कोकणात निघालेले पुण्याचे कुटुंब आणि गावातला दूधवाला एकाच वेळी असतात. हॉर्नचेही तसेच आहे. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये मालवाहू गाड्यांच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावर बंदी घातली, ती आवाजाच्या त्रासामुळे. पण हॉर्नचा दुसरा दोष मला जास्त गंभीर वाटतो. कोण, कुठून, कशासाठी, यांतले काहीच हॉर्न सांगत नाही. सगळेच वाजवू लागले की धोक्याचा आवाज आणि अधीरपणाचा आवाज यांत फरक करता येत नाही.

या सगळ्यावर वेग काय करतो? ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर कापते. रस्ते आखताना भारतीय रस्ते काँग्रेसची मानके धरून चालतात की धोका दिसणे, समजणे आणि पाय ब्रेकवर जाणे यांना २.५ सेकंद लागतात. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ५५ मीटर गेलेले असतात. थांबण्यासाठी पुढचा रस्ता किती दिसायला हवा, याचे त्याच मानकांतले अंतर ताशी ४० ला ४५ मीटर, ८० ला १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर आहे. वेग दुप्पट झाला तर लागणारे अंतर जवळजवळ तिप्पट होते. चालकाचे डोळे आणि मेंदू मात्र तेच राहतात. वेग वाढवणे म्हणजे समोरचे समजून घ्यायला स्वतःला कमी वेळ देण्याचा निर्णय असतो. अपघाताच्या नोंदींत ‘अतिवेग’ हे कारण सर्वांत वर दिसते ते योग्यच आहे. पण वेग नेमका कोणती गोष्ट हिरावून घेतो, हे त्या रकान्यातून कळत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजण्यासाठी गळीत हंगामातली एक रात्र पुरेशी आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने ओथंबून चाललेल्या असतात. मागचा दिवा असला तरी उसाच्या वाढ्याखाली झाकलेला असतो. ट्रॉलीचा वेग ताशी २० च्या आसपास, मागून येणाऱ्या मोटारीचा ८०. दोघांतले अंतर सेकंदाला जवळजवळ १७ मीटरने तुटते. मंद प्रकाशात ट्रॉलीची आकृती ५० मीटरवर उमटली, तर हातात तीन सेकंद उरतात, आणि त्यांतले अडीच समजण्यातच जातात. समोरून अप्पर लाइट लावलेली गाडी आली तर तेवढेही उरत नाहीत, कारण डोळे दिपल्यावर नजर परतायला वेळ लागतो, आणि वयाबरोबर तो वाढत जातो. आता त्याच ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी आडवी-उभी लावलेली असली, तर ती दोनशे मीटरवरूनही चमकते. चमकण्याबरोबर ती वस्तूची रुंदीही सांगते, त्यामुळे ‘पुढे रुंद, हळू चालणारे काही आहे’ हा अर्थ लगेच लागतो. हे पट्टीचे काम दर हंगामाच्या तोंडावर कारखान्यांवर मोहिमा काढून केले जाते. ते मोहिमेवर सोडण्यासारखे नाही. पट्टी नसलेली ट्रॉली काट्यावर घ्यायचीच नाही, एवढा एक नियम कसोशीने पाळला तरी किती घरे वाचतील.

गर्दीचा रस्ता मनावर फार ओझे टाकतो, तर ओस रस्ता त्याला काहीच काम देत नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर पाणबुड्या शोधणाऱ्यांचे लक्ष का ढळते, हे तपासताना नॉर्मन मॅकवर्थ यांनी एकसुरी निरीक्षणाचे प्रयोग केले. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दिसले की क्वचित येणारा संकेत टिपण्याची क्षमता पहिल्या अर्ध्या तासातच घसरते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपण आखला तो सरळ, एकसारखा, अडथळ्याविना. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यावर काही महिन्यांतच तिथल्या अपघातांची चर्चा सुरू झाली, आणि नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतल्या अभ्यासकांनी ‘हायवे हिप्नोसिस’कडे लक्ष वेधले. डोळे उघडे, हात चाकावर, पण मन काहीच टिपत नाही अशी ती अवस्था असते. मोटारीला ताशी १२० ची मुभा असलेल्या रस्त्यावर त्या अवस्थेतला प्रत्येक सेकंद ३३ मीटरचा असतो. चहा-नाश्त्याच्या, झोपेच्या, थांबण्याच्या सोयी अशा रस्त्यावर नंतर जोडायच्या नसतात. चालकाचे मन किती वेळ जागे राहू शकते, हे रस्त्याच्या आराखड्यातच धरायला हवे.

मोबाइलबद्दल सगळेच बोलतात, पण एक गैरसमज पक्का बसला आहे. फोन हातात नसला की झाले, असा तो गैरसमज. आपला कायदाही हातात धरलेल्या साधनावरच बोट ठेवतो. युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासूनच्या प्रयोगांत दाखवले आहे की कानात इअरफोन घालून बोलणाऱ्याचेही चालवणे तितकेच बिघडते. बोलणाऱ्या चालकांची नजर रस्त्याकडेच्या वस्तूंवर पडत होती, पण नंतर त्या त्यांना ओळखता येत नव्हत्या. शेजारी बसलेला माणूस अवघड वळणावर आपोआप बोलणे थांबवतो, कारण त्यालाही रस्ता दिसतो. फोनच्या पलीकडच्या माणसाला तो दिसत नाही. म्हणून ज्यांना आपण घरातून फोन करतो ते गाडी चालवत असतील, तर ‘पोहोचल्यावर बोलू’ म्हणून फोन ठेवण्याची जबाबदारी आपलीही आहे.

इथपर्यंत वाचून एखादा वाचक रागावेल. डोळ्याची मर्यादा, मेंदूची मर्यादा असे म्हणत राहिलो, तर दारू पिऊन, उलट्या दिशेने, सिग्नल तोडून चालवणाऱ्याला मोकाट सोडायचे का? हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. उत्तर असे की मर्यादा असणे हा गुन्हा नाही, पण आपल्या मर्यादेपलीकडच्या वेगाने दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे हा गुन्हा आहे. दारू प्यालेल्याने तर स्वतःची समजच आधी काढून ठेवलेली असते. त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण शिक्षा झाली म्हणून तपास संपला असे मानता येत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार कठड्यावर आदळली आणि उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला. पोलिसांनी चालकावर गुन्हा नोंदवला. मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता, हेही समोर आले. पण त्या ठिकाणी तीन मार्गिकांचा रस्ता पुलाच्या तोंडाशी दोन मार्गिकांचा होतो, आणि पुलाच्या रचनेतल्या दोषाकडेही तज्ज्ञांनी लक्ष वेधले. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. चालकाला दोषी ठरवले की कठडा निर्दोष होत नाही.

हा विचार आपल्या कायद्यात आलेलाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आले. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल मानकांनुसार नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण हे कलम लावायचे तर तपास करणाऱ्याने रस्त्याकडे पाहिले पाहिजे. पंचनाम्यात टायरच्या खुणा आणि वाहनांची स्थिती येते. चालकाच्या जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच वेळी तो रस्ता कसा दिसत होता, याचे साधे छायाचित्रही त्यात नसते.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘शून्य मृत्यू’ हे धोरण स्वीकारले तेव्हा त्याच्या मुळाशी हाच विचार होता. माणूस चुकणारच, म्हणून त्याच्या चुकीची किंमत मरण ठरणार नाही अशी व्यवस्था उभी करणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे. नेदरलँड्समध्ये त्याच दशकात असे रस्ते घडवण्याचा विचार रुजला, जे पाहताक्षणी आपला वेग आणि स्वभाव सांगतील. वस्तीतला रस्ता अरुंद, विटांचा, झाडांनी आत ओढलेला. महामार्ग रुंद आणि दुभागलेला. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून वेगवान रस्त्याच्या शेवटी, गोल चौकाच्या अलीकडे, पिवळे आडवे पट्टे रंगवले गेले. त्यांच्यातले अंतर चौकाकडे कमी कमी होत जाते, त्यामुळे चालकाला आपला वेग वाढल्यासारखा वाटतो आणि पाय आपोआप ब्रेककडे जातो. आपले राज्य महामार्ग याच्या नेमके उलटे करतात. गावाच्या वेशीवर रस्ता चौपदरी, गुळगुळीत आणि सरळ केला जातो, म्हणजे तो ‘ये, जोरात ये’ असे सांगतो. मग शाळेसमोर मृत्यू झाले की ग्रामस्थ आंदोलन करतात, आणि रातोरात न रंगवलेला गतिरोधक उभा राहतो. तो रात्री दिसत नाही आणि पुढच्या दुचाकीस्वाराचा बळी घेतो.

बदल इथेही घडू शकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस यांनी मिळून अपघातांच्या जागा एकेक करून तपासल्या, उघडे खांब आणि कठडे झाकले, खुणा आणि परावर्तक दुरुस्त केले, बेकायदा थांबणाऱ्या ट्रकांवर कारवाई केली. पुढच्या वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. चालक तेच महाराष्ट्रातले होते आणि गाड्याही त्याच होत्या.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. पहिली, परवान्याच्या परीक्षेत खुणा ओळखणे आणि आठचा आकडा काढणे यांच्या पुढे जावे. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २००२ पासून उमेदवाराला रस्त्याच्या १४ चित्रफिती दाखवून धोका आकार घेताना कधी लक्षात येतो ते तपासतात. आपल्या रिक्षांच्या, बैलगाड्यांच्या, शाळेच्या वेळच्या चौकांच्या चित्रफिती करून हे मराठीत सहज करता येईल, आणि त्या शिकवायला एस.टी.चे निवृत्त चालक सर्वांत योग्य गुरुजी ठरतील. दुसरी, प्रत्येक जीवघेण्या अपघाताच्या नोंदीत चालकाला तिथून काय दिसत होते याचा रकाना हवा, आणि तो रस्ते अभियंत्याच्या सहीने भरला जावा. तिसरी, नवले पुलाच्या उतारासारख्या ठिकाणी आधी रंगाने, प्रकाशाने आणि रचनेने वेगाची जाणीव जागी करावी, मग दंडाची पावती फाडावी.

वाचकांकडेही एक मागणे आहे. अपघाताची बातमी वाचताना ‘चूक कोणाची’ असे विचारण्याआधी ‘त्याला तिथे काय दिसत होते’ असे विचारा, आणि तेच आपल्या आमदाराला, नगरसेवकाला, पोलीस निरीक्षकाला विचारत राहा. स्वतः चाकामागे बसाल तेव्हा, समोर काय चालले आहे ते कळत नसेल तिथे हॉर्नवर हात नेऊ नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. समजून घ्यायला लागणारे ते दोन-तीन सेकंद देणे फक्त तुमच्या हातात आहे.